उकडलेलं बी

मी एक जुना टोमॅटो आहे. एखादं फळ नव्हे, वाण. फळं दर उन्हाळ्यात पिकतात आणि खाल्ली जातात; मी बियांमधून पुढच्या वर्षात जातो. मारित्सा नदीकाठच्या एका गावात, गान्चोच्या घरामागच्या वाफ्यात मी त्याच्या आजोबांपासून आहे. रंगाने गुलाबी, अंगाने मांसल, आणि साल इतकी पातळ की शहरच्या बाजारापर्यंत मी धड पोचत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी मला कधी विचारलं नाही. मला लावायचं ते घरच्यांनी, घरच्या ताटासाठी.

गान्चोची बायको योर्दांका मला जपायची. बियांसाठी ती सर्वांत मोठं फळ कधीच निवडत नसे. आधी निरोगी झाड हेरायची, मग त्याच्या दुसऱ्या घोसातलं न तडकलेलं फळ बघून देठाला लाल लोकर बांधायची. त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. पुढे रसासकट बी पेल्यात आंबवून, स्वच्छ धुऊन, जुन्या फडक्यावर ती वाळवून ठेवायची.

पण मित्रांनो, ही मायाळू बाई माझ्या बाबतीत फार चिकट होती. शेजारच्या मिन्काने बी मागितलं, तेव्हा तिने टाळलं. पुन्हा मागितलं, तेव्हा हसतमुखाने पुडी दिली. पण देण्याआधी ते बी उकळत्या पाण्यातून काढलं होतं. मिन्काच्या वाफ्यात काहीच उगवलं नाही.

"तुझ्या हातालाच गुण नाही गं," योर्दांका भिंतीवरून म्हणाली.

मिन्काने माती उकरून एक बी बोटांत धरलं. दाबताच त्याचा पिठूळ लगदा झाला. ती सगळं समजली, आणि दोघींचं बोलणं कायमचं बंद झालं. मिन्का दुकानातला टणक लाल वाण लावू लागली.

एका मार्चमध्ये योर्दांका अचानक गेली. माझी रोपं तेव्हा खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यांत उभी होती. घरात माणसांची रीघ लागली. सगळे रडले, जेवले, गेले. त्या खिडकीत पाणी घालायचं कुणाला सुचलं नाही. रोपांनी माना टाकल्या. उरलेलं बी फडक्याला चिकटलेलं होतं. योर्दांकाच्या नणंदेने घर आवरताना ते मळकट फडकं चुलीत घातलं.

रोपं लावायची वेळ आली तेव्हा गान्चोच्या हे ध्यानात आलं. तो मिन्काच्या दारी गेला.

"मिन्का, तिचं बी असेल ना तुझ्याकडे? थोडं दे."

"गान्चोभाऊ, मला तिने उकडून दिलं होतं."

"काय उकडून?"

"बी. नाही उगवलं ते. उगवावं म्हणून दिलंच नव्हतं."

गान्चो उंबऱ्यातच थांबला. "मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला.

"असतं तर काय केलं असतंत?"

टोपी चढवून तो परत फिरला. त्या वर्षी त्याचा वाफा रिकामा राहिला.

मी मात्र पुरता मेलो नव्हतो. आदल्या शरदात एक तडकलेलं फळ भिंतीच्या खिंडारातून मिन्काच्या उकिरड्यावर घरंगळलं होतं. मे महिन्यात तिथे माझं एक रोप उगवलं. बटाट्यासारख्या रुंद पानांवरून मिन्काने मला ओळखलं. खाली वाकून तिने मला मुळाशी धरलं. पकड घट्ट होती. मग ती सैल झाली. मिन्काने मला काठीचा आधार दिला, कोंबड्यांपासून जपलं. पण गान्चोला सांगितलं नाही. बघू दे त्यालाही रिकामी माती, असं ती स्वतःशी पुटपुटली होती.

माझं पहिलं फळ पिकण्याआधीच गान्चो गेला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचा मयताचा कागद दारावर लावतात; योर्दांकाच्या कागदाशेजारी गान्चोचा चिकटवला गेला.

चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, लोक त्याच्या थडग्याशी जमले. मिन्का पाव, पांढरं चीज आणि माझं एकुलतं पिकलेलं फळ घेऊन आली. तिने फळ कापलं, मीठ लावलं आणि फोडी वाटल्या.

"हा तर योर्दांकाचा," कुणीतरी म्हणालं.

"हो. गान्चोभाऊला सांगायला हवं होतं मी," मिन्का म्हणाली. ताटलीत सांडलेलं बी तिने निपटून रुमालात बांधलं.

तेव्हापासून ती माझं बी वाटत असते. पण घ्यायला माणसं कुठे आहेत? गल्लीत जवळपास प्रत्येक दारावर कागद आहे, आणि दारं बंद. ती टपालवालीला देते, परिचारिकेला देते. परवा बसचालकाला थांबवलं.

"आजी, मी चौथ्या मजल्यावर राहतो. लावू कुठे?"

"सज्ज्यात बादली ठेव. फळ आलं की शेजारणीला बी दे, तिने मागितलं नाही तरी."

त्याने पुडी खिशात टाकली. तो लावेल की नाही, मला माहीत नाही. मिन्काला आता वाकवत नाही.

मित्रांनो, तुमच्या अंगणात टणक, देखणे टोमॅटो खुशाल लावा. एक कोपरा मात्र अशा वाणाला द्या, जो बाजारापर्यंत पोचत नाही. त्याचं बी निवडायला घरातल्या सगळ्यांना शिकवा. आणि देणं उद्यावर टाकू नका. गान्चोला माझी एक फोड हवी होती. मी भिंतीच्या पलीकडे हिरवा होतो.