बाळंतिणीच्या खोलीतल्या ठिणग्या

संगमनेरात दत्तोपंतांकडून मुहूर्त घेतल्याशिवाय कुणी विहिरीची पहिली कुदळ मारत नसे. एकाहत्तर साली त्यांच्याच लेकीला, सरोजिनीला, एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं होतं.

"तुझ्या पत्रिकेत परगावची विद्या नाही," दत्तोपंत म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याच घशाखाली घास उतरला नाही. पण लेकीसाठी पत्रिका वाकवायची, तर उद्या गावाला कोणत्या तोंडानं मुहूर्त सांगायचे?

सरोजिनी रुसली नाही. भिंगारच्या बाजारातून आणलेलं लष्करातलं जुनं रेडियमचं घड्याळ आणि कॉलेजातलं भिंग घेऊन भर दुपारी तिनं वडिलांना बाळंतिणीच्या खोलीत नेलं. घरात पक्का अंधार तिथंच. दार लावून, डोळे सरावेपर्यंत दोघं गप्प बसले.

"आता बघा, अण्णा."

दत्तोपंतांनी भिंगाला डोळा लावला. घड्याळाच्या आकड्यावर बारीक ठिणग्या उडत होत्या. "अगं, या तर लाह्या फुटतायत!"

"रेडियमच्या अणूच्या मधोमध गाभा असतो. त्यातून अल्फा नावाचा कण निसटून आकड्याच्या रंगावर आदळला की एक ठिणगी. पुढची कुठं उडेल, सांगा."

दत्तोपंतांना चेव आला. त्यांनी चक्क होरा मांडला. "डाव्या टोकाला. आता!"

ठिणगी उजवीकडे उडाली. त्यांनी पुन्हा गणित केलं, पुन्हा तोंडघशी पडले.

"तुमच्या प्रोफेसरांना येतं का सांगता?"

"कुणालाच नाही. लाखो अणूंतले निम्मे किती वर्षांत सरतील, ते बिनचूक सांगतात. एकट्या अणूचं नाही."

"यंत्रं कमी पडत असतील."

"यंत्रांचा दोष नाही, अण्णा. ते आधी ठरलेलंच नसतं."

दत्तोपंतांनी भिंग खाली ठेवलं. मग अंधारातच म्हणाले, "सरू, याच दाराबाहेर मी घड्याळ धरून उभा होतो. पहाटे मुलगा होणार, असं माझं गणित. तू आलीस भर दुपारी. राहीबाई सुईणीनं तुला माझ्या हातात दिलं, आणि घड्याळ बघायचं राहूनच गेलं. घड्याळाकडे बघू की तुझ्याकडे? एका वेळी दोन्ही जमेना गं."

"मग पत्रिकेतली जन्मवेळ?"

"मागाहून अंदाजानं घातली."

सरोजिनी हसली, आणि हसता हसता तिनं वडिलांचा हात घट्ट धरला.

दत्तोपंतांनी दार उघडलं. बाहेर सरूची आई दमयंतीबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

"सरूची ट्रंक काढा," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीनं मी तिला पोचवून येतो."

"अहो, उद्या अमावास्या!"

"असू दे," डोळे पुसत दत्तोपंत म्हणाले, "ही कधी माझ्या मुहूर्तावर आली होती?"