क्रीम रंगाची हेराल्ड

गणपती उठले आणि माझ्या सासूबाईंनी जाहीर केलं की दसऱ्याला पोर्चमध्ये झोपाळा लागेल. लागेल म्हणजे लागेलच. झोपाळा घेऊन किती वर्षं झाली होती ते त्यांनाही सांगता येईना. सागवानी पाट आणि पितळी कड्या गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली पडल्या होत्या, कारण पोर्चमध्ये बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गाडी होती.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड. इथेच, मद्रासला बनायची एके काळी. मी लग्न होऊन अंबत्तूरच्या या घरात आले तेव्हापासून ती ताडपत्रीखाली झाकलेली. तिचं इंजिन व्यवस्थित चालत होतं. बाबा दर रविवारी ताडपत्री अर्धी वर करून ते चालू करत, पोर्चभर धूर करत आणि समाधानाने बंद करत. पण पत्र्याची पार दैना झाली होती. दारांचा खालचा भाग बोटाने टोचला तर बोट आत जाई. आणि सगळ्या अंगावर असा एक हिरवा रंग, की गाडी गवत खाऊन आजारी पडल्यासारखी दिसे.

"गाडी रस्त्यावर उभी करा, माझी ना नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण हे असलं ध्यान माझ्या दारासमोर नको. दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तिला माणसात आणा. नाहीतर भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय."

"त्याला कशाला सांगितलंस?" बाबांचा आवाज एकदम बारीक झाला.

"सुम्मा," त्या म्हणाल्या. हा इथला शब्द आहे, 'उगाच, सहज' अशा अर्थाचा. पण आमच्या घरात तो उच्चारला गेला की समजायचं, निर्णय पक्का आहे.

माझा नवरा मंदार सॉफ्टवेअरवाला. त्याने "मी काय मदत करू?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत लॅपटॉप उघडला. म्हणजे राहिले कोण, बाबा आणि मी. बाबा जवळच्याच आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मी ओरगडमच्या एका नव्या मोटार कारखान्यात पेंट शॉपला, क्वालिटीमध्ये. माझं कामच मुळी गाडीच्या रंगात खोट काढण्याचं. रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची आणि केसाएवढा कण दिसला तरी गाडी मागे पाठवायची. बाबांचा रंगाशी संबंध आलेला तोही युद्धासाठी. त्यांच्या मते रंग म्हणजे चिलखत. तो जितका जाड तितका चांगला.

साहजिकच आमचं पहिल्याच दिवशी वाजलं.

"बाबा, जुना रंग सगळा खरवडायचा. पत्र्यापर्यंत."

"चांगला बसलेला रंग कशाला काढायचा? वरून दोन हात मारू."

"बसलेला नाही, चिकटून राहिलाय. खाली गंज आहे."

बाबा उठले. आत जाऊन माझ्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक अशा रंग खरवडायच्या दोन पत्र्या घेऊन आले. माझे सासरे वाद हरले की असे अवजार हातात देतात. मला ते तेव्हापासून आवडायला लागले, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

शनिवार-रविवार आणि मी कारखान्याच्या बसमधून उतरल्यावर उजेड असेपर्यंत, असं आमचं काम सुरू झालं. चेन्नईच्या त्या चिकट उकाड्यात पॉलिश पेपर घासणं म्हणजे व्यायाम आणि आंघोळ एकदमच. दारांचा कुजलेला पत्रा कापला, नवा जोडला, ठोकून सरळ केला. ठोकण्यात बाबांचा हात धरणारा कोणी नाही. आतून लाकडी ठोकळा लावून बाहेरून असा हलका हातोडा मारत, की पोचा जणू स्वतःहून बाहेर येई. मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की घासायची, हात फिरवायचा, पुन्हा भरायची. डोळे मिटून हात फिरवला की जिथे उंचवटा असेल तिथे बोट अडखळतं. मी हे शिकवलं तेव्हा बाबा म्हणाले, "हे आमच्याकडे नव्हतं, ऋजुता. रणगाड्यावरून हात कोण फिरवणार?"

हिरव्या रंगाखाली मूळचा रंग निघाला. क्रीम! साय असते ना दुधावरची, तसा. मी तर प्रेमातच पडले. आणि हेराल्डचं बॉनेट म्हणजे मडगार्डांसकट गाडीचं सगळं तोंडच असतं, ते पुढच्या बाजूला कलंडून उघडतं. त्या बॉनेटवर, डाव्या दिव्याच्या वर, क्रीम रंगात एक फिकट गुलाबी डाग होता. बशीएवढा, कडा पसरलेल्या. डागाभोवतीचा रंगही खरखरीत, मेलेला.

"बाबा, हे काय?"

"काही नाही. जुना डाग," ते म्हणाले आणि स्वतःच तिथे पॉलिश पेपर घेऊन बसले. डाग जाऊन पत्रा चमकेपर्यंत उठले नाहीत.

सासूबाई या सगळ्यात कुठे होत्या? दारात. चहा घेऊन यायच्या, एक नजर गाडीवर, एक नजर कॅलेंडरवर. "दिसतंय बरं का थोडंफार," एवढंच म्हणायच्या. मात्र एकदा मी पाहिलं, बाबा आत गेल्यावर त्यांनी नव्या पत्र्याच्या दारावर डोळे मिटून हात फिरवला. मी नळाकडे तोंड केलं.

शनिवारी दुपारी प्रायमर लागला. मला वरून करड्या रंगाचा आणखी एक हात हवा होता, पण वेळ नव्हता आणि बाबांना त्यांचा लाल ऑक्साइडच प्रिय. गाडी सगळी विटेच्या रंगाची झाली. फवारणीसाठी कॉम्प्रेसर मिळाला शेजारच्या चंद्रमौळी मामांचा. मामा तंजावूरकडचे मराठी आणि पेशाने दाताचे डॉक्टर. त्यांचा कॉम्प्रेसर दात कोरण्याचा. जरा फवारलं की तो दमायचा. मग आम्ही थांबायचो आणि मामा त्याच्याकडे पेशंटकडे पाहावं तसं प्रेमाने पाहायचे.

रविवारी क्रीम रंग मारायचा, सोमवारी दसरा, संध्याकाळी गाडी बाहेर. असा माझा हिशेब होता. रविवारी सकाळी पोर्चमध्ये आले तर तिथे एकही अवजार नाही. हातोडे, पत्र्या, स्प्रे गन, पॉलिश पेपरची पुडकीसुद्धा देवघरासमोर ओळीने मांडलेली, प्रत्येकाला गंध, प्रत्येकावर झेंडूचं फूल.

"आई, अहो, आज रंग द्यायचाय!"

"आज खंडेनवमी. इथली आयुधपूजा. पूजेतलं आयुध उद्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. तुझ्या कारखान्यात उचलतात का?"

आमच्या पेंट शॉपमध्ये शुक्रवारीच रोबोटच्या हाताला हार घालून, पुढ्यात चुरमुरे ठेवून लाइन बंद झाली होती. मी धावत शेजारी गेले. मामांचा कॉम्प्रेसर चंदनाचा टिळा लावून, जास्वंदीच्या हारात बसला होता.

"उद्या ये हो पोरी," मामा हात जोडून म्हणाले. ते मला जोडले की कॉम्प्रेसरला, कळलं नाही.

मी घरी येऊन जरा तणतणले. खरं सांगायचं तर बरीच तणतणले. मंदारने मला कानात गाणी घालून झोपायला सांगितलं आणि विशेष म्हणजे मी झोपले. उठले तेव्हा बाबा पोर्चमधून आत येत होते. हात पुसत, उगीचच हसत.

दसऱ्याच्या सकाळी पूजेतली अवजारं निघाली. प्रायमर बारीक पेपरने घासून घेतला, भिंतींना जुन्या साड्या लावल्या, जमिनीवर पाणी शिंपडलं आणि मी क्रीम रंगाचा पहिला हात मारला. काय सांगू, गाडी डोळ्यांदेखत तरुण होत गेली! बाबा माझ्यामागे मास्क लावून उभे, आणि मास्कच्या वरचे त्यांचे डोळे ओले.

"थिनरने झोंबतंय," ते म्हणाले.

आणि मग डाव्या दिव्याच्या वर तो उमटला. आधी वाटलं माझ्या डोळ्यांवर तिरीप आली. पण नाही. गुलाबी, बशीएवढा, कडा पसरलेला. खरवडून काढलेला डाग त्याच जागी परत आला होता.

मी दुसरा हात मारला. वाळता वाळता गुलाबी वर आलं. तिसरा मारला. पुन्हा तेच. चंद्रमौळी मामांनी कुंपणावरून वाकून पाहिलं आणि निदान केलं, "अय्यो, वरून भरून काय होतंय? मूळच लाल आहे. रूट कॅनल लागेल."

बरोबर होतं त्यांचं. काही लाल रंग थिनरमध्ये विरघळतात आणि वरच्या प्रत्येक थरातून डोकं वर काढतात. पण लाल ऑक्साइड तसा विरघळत नाही, मग असा रंग प्रायमरमध्ये आलाच कसा? माझं डोकं तडकलं.

"याला हात कोणी लावला? कालच्या दिवसात कोणीतरी काहीतरी केलंय. कोणी?"

"मी," बाबा ताबडतोब म्हणाले.

"काय केलंत?"

"तसं काही नाही. जरा धूळ होती. पुसली. थिनरने."

"थिनरने? प्रायमरवर? आणि धूळ गुलाबी होती?"

बाबा मास्कची दोरी चाचपायला लागले. त्यांच्यासारख्या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि बोलायचं ठरवलं तर त्याहून येत नाही. मी पुढे काही विचारणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"कुंकू होतं ते. मी लावलं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. नवी साडी, हातात ओवाळायचं ताट.

"काल सगळ्या हत्यारांना गंध लावलं," त्या म्हणाल्या. "मग इकडे आले. इतकी वर्षं ताडपत्री, ताडपत्री. काल पाहिलं तर कशी कोरी दिसत होती, एकही भोक नाही, गंज नाही. नवीच घरात आल्यासारखी. कोऱ्या वस्तूला बोट न लावता कसं राहायचं? ओलं कुंकू होतं, स्वस्तिक काढलं. झालं." मग त्या बाबांकडे वळल्या. "आणि तुम्ही ते पुसलंत?"

"ऋजुता तुझ्यावर चिडली असती," बाबा पुटपुटले.

"थिनरने?"

"हो."

"पुन्हा थिनरने?"

मी दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. मंदार बाहेर आला होता, त्याने पहिल्यांदाच लॅपटॉप आत ठेवला होता.

"पुन्हा म्हणजे?" मी विचारलं.

"गाडी घरी आणली ना, त्या दिवशी मी असंच स्वस्तिक काढलं होतं. तिथेच," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. इथलं कोणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही. माझं म्हणावं असं या गावात पहिलं काही आलं तर ही गाडी. डाग पडला तो पडला. यांनी दुसऱ्या दिवशी चकचकीत ठेवायची म्हणून थिनरने घासला, तर तो जास्तच पसरला आणि रंगही गेला. मी रडले. तर माझं रडू थांबावं म्हणून या माणसाने काय करावं? सगळी गाडी हिरवी करून टाकली."

"तुला हिरवा आवडतो म्हणालीस," बाबा म्हणाले.

"चुडा! चुडा हिरवा आवडतो म्हणाले होते!"

मामा कुंपणापलीकडे खोकला आल्यासारखं करून खाली बसले. मला हसू आवरेना, पण तेवढ्यात बाबांचा चेहरा दिसला. त्यांना हसू येत नव्हतं. ते डागाकडे आणि मग उतरत्या उन्हाकडे पाहत होते. त्यांची मुदत संपत आली होती आणि गाडीच्या तोंडावर भला मोठा डाग होता.

माझा जीव कळवळला. "आई, मला फक्त आणखी एक दिवस द्या," मी म्हणाले. "तेवढीच जागा पत्र्यापर्यंत घासते, पुन्हा प्रायमर देते. समजणारसुद्धा नाही." मी पॉलिश पेपर उचलला.

सासूबाईंनी ताट मंदारच्या हातात दिलं आणि माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "दोनदा पुसलंत. पोदुम, पुरे झालं. आता ते राहू दे."

"पण गाडी अशी..." बाबांनी बॉनेटकडे बोट दाखवलं. "भंगारवाला?"

"त्याला जिन्याखालचं गोणपाट देऊन टाका."

दोन पावलं पुढे होऊन त्यांनी ताटातल्या वाटीत बोट बुडवलं आणि त्या गुलाबी डागावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. ओल्या रंगावर! माझ्यातली क्वालिटी इन्स्पेक्टर आतल्या आत किंचाळली. मी तिला गप्प बसवलं. कारखान्यात ही गाडी माझ्या हातून पुढे गेली नसती. इथे मी पास केली.

रंग हाताला लागेनासा झाल्यावर चंद्रमौळी मामांनी चाकांखाली लिंबं ठेवली. बाबांनी इंजिन चालू केलं. लिंबं फुटली आणि हेराल्ड फाटकाबाहेर पडली. मंदार झोपाळ्याच्या कड्या घेऊन स्टुलावर चढला.

बाबांनी गाडी भिंतीला लागून उभी केली, अगदी हुशारीने, डाग भिंतीकडे येईल अशी. उतरून, मागे सरून पाहिलं. रस्त्यावरून पाहिलं तर गाडी निर्मळ क्रीम. ते खूश होऊन सासूबाईंकडे वळले.

सासूबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि मान हलवली.

"अहो, उलटी करून लावा," त्या म्हणाल्या. "माझं कुंकू रस्त्याकडे दिसू दे."