वासंतीचा बाप्तिस्मा

वासंतीला बाप्तिस्मा हवा होता आणि डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळ निघाली तर निघाली. एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टी आमच्या चर्चच्या मंडळीच्या पचनी पडत नाहीत.

ती माझी कोथरूडची शेजारीण. कित्येक वर्षं रविवारी माझ्यासोबत उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची. नवरा दिगंबर तिला स्कूटरवरून सोडायचा आणि समोरच्या अमृततुल्यात थांबायचा. "तिला तिचा देव, मला माझा चहा," म्हणायचा. मधुमेहानं आधी तिची नजर नेली, मग किडन्या. अतिदक्षता विभागात तिनं माझा हात धरला. "सुरुची, मला प्रभूची होऊन जायचंय. पण हे असताना कुंकू नाही पुसायचं."

मंगळसूत्र, बांगड्या नर्सनं आधीच काढून दिगंबरच्या हातात दिल्या होत्या. अंगावर सौभाग्याचं म्हणून कुंकू तेवढं उरलं होतं.

मी रणपिसे पाळकांना बोलावून घेतलं. ते दारातच म्हणाले, "आधी कपाळ पुसा."

मी भडकलेच. "पाळकसाहेब, गेल्याच रविवारी तुम्ही अंत्युखियाच्या मंडळीवर बोललात ना? प्रभूकडे यायचं तर ग्रीकांनी आधी सुंता करून यहूदी व्हावं, असं यरुशलेमेहून आलेले सांगत होते. देवाच्या दारावर लावलेली पुणेरी पाटी म्हणालात तुम्ही त्याला. आम्ही हसलो सगळे."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"माझ्या आजोबांनी गाव सोडलं, भाऊ सोडले, विहिरीचं पाणी तुटलं त्यांचं. आणि यांना कपाळावरचा ठिपका सोडवत नाही? उद्या मंडळी मला जाब विचारेल."

त्यांचंही खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त संताप आला. मीच पाणी घातलं असतं, पण वासंतीला मंडळीनं आपली म्हणायला हवं होतं. माझ्या ओंजळीनं ते होणार नव्हतं.

दिगंबर बाकावर बसून ऐकत होता. तो उठला. "पाळकसाहेब, नवरा नसलेल्या बाईला घेता ना?" उत्तराची वाट न बघता तो आत गेला. काचेतून मला दिसलं, त्यानं रुमाल ओला केला आणि ग्लानीत पडलेल्या बायकोचं कपाळ हळूहळू पुसलं. बाहेर येऊन त्यानं आपला पास पाळकांच्या हातात ठेवला, कारण एका वेळी दोघांनाच आत सोडत. "मी मेलो असं समजा. आता घ्या तिला." आणि जिन्यानं खाली निघून गेला.

आत जाऊन पाळकांनी ओंजळीत पाणी घेतलं. पाणी पडलं तशी वासंती जागी झाली.

"झालं?"

"झालं गं."

ती इतकी छान हसली की माझं रडूच फुटलं. मग चेहऱ्यावरचं पाणी पुसायला तिनं हात उचलला. बोटं कपाळावर थांबली, पुन्हा फिरली.

"सुरुची, हे गेले?"

"अगं नाही! खाली आहेत."

"मग कुंकू कुणी पुसलं?"

"त्यांनीच."

"ते कसे पुसतील?" तिचा आवाज चिरकला. "मी आजारी म्हणून मला सांगितलं नाहीत तुम्ही. कधी गेले?"

"बाई, ते जिवंत आहेत, देवाशपथ," पाळक म्हणाले. तिनं ऐकलंच नाही. अंगात त्राण नसलेली ती बाई नवरा मेल्याचा आकांत करू लागली.

मी धावत खाली गेले. दिगंबर पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभा होता. त्याला हाताला धरून ओढत आणलं, तर दारातला वॉचमन म्हणाला, "काकांचा पास?" पास वर पाळकांकडे. मी ओरडले, भांडले, शेवटी त्याला ढकलून आम्ही जिना चढलो.

वर आवाज थांबला होता. पाळक भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दिगंबर तिच्या कानाशी वाकला. "वासंती, मी आलोय. जिवंत आहे गं मी."

"काका, बाजूला व्हा," नर्स म्हणाली.

तो बाजूला झाला नाही. तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिला.