जोडलेली कॉइल

वनमालाबाईंनी शेगडीच्या कॉइलची तुटकी टोकं चिमट्याने एकमेकांत अडकवली, जळका इंचभर तुकडा केरात टाकला आणि बटण दाबलं. कॉइल बघता बघता लालभडक झाली. गॅस नेमका आजच संपलेला आणि बाहेर घाटकोपरचे पाहुणे पोहे खात बसलेले. पण ही शेगडी म्हणजे जितकी जुनी तितकी गुणाची. दर वेळी जोडली की आधीपेक्षा लवकर तापायची. बोरीवलीच्या त्या अख्ख्या सोसायटीला वनमालाबाईंनी हे कौतुक सांगून टाकलं होतं.

चहाचं आधण ठेवून त्या दाराआड उभ्या राहिल्या. पाहुण्यांसमोर त्यांची लेक मीरा खाली मान घालून बसली होती. शाळेत सायन्स शिकवणारी गुणी पोर, पण आधीची दोन स्थळं 'मुलगी फार बोलते' म्हणून परत गेलेली. म्हणून आज त्यांनी तिला देवासमोर शपथच घातली होती, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे स्थळ त्यांना मनापासून आवडलं होतं. मुलगा बँकेत, घरात फक्त आई, माणसं साधी.

तेवढ्यात पंखा थांबला.

"फ्यूज गेला वाटतं," नवरा मुलगा श्यामसुंदर उत्साहाने उठला. "तांब्याची जाड तार आहे का मावशी? अशी बसवतो, परत जन्मात जाणार नाही."

जावई असावा तर असा, म्हणत वनमालाबाई तार शोधायला वळल्या.

"नको," मीरा म्हणाली. "फ्यूज जाणार नाही, पण घरातली वायरिंग जळेल."

वनमालाबाईंनी डोळे वटारले. पण मीरा सुटली ती सुटलीच.

"आई, तू कॉइल परत जोडलीस ना? दर वेळी ती आखूड होते, तिचा रोध कमी होतो. व्होल्टेज तेवढंच, मग करंट वाढणारच आणि फ्यूज जाणारच. ओहमचा नियम आहे तो, त्यात तुझं-माझं काही चालत नाही. आणि तू कौतुक करतेस, लवकर तापते म्हणून!"

वाट लागली. हेही स्थळ हातचं गेलं. वनमालाबाईंना रडूच यायला लागलं.

श्यामसुंदर तिच्याकडे वळला.

"मग केवढी तार घालायची?" त्याने विचारलं.

आता त्यानेच विचारलं म्हटल्यावर शपथेचाही प्रश्न नव्हता. मीराने खणातून फ्यूजची बारीक तार काढली.

"आधी मेन बंद करा."

"केला."

दोघं बोर्डापाशी गेली. श्यामसुंदरची आई रुक्मिणीबाई इतका वेळ सगळं ऐकत होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सरळ स्वयंपाकघरात आल्या.

"फार बोलते हो ती," वनमालाबाई पुटपुटल्या. "पण मनात काही नसतं तिच्या."

रुक्मिणीबाई वाकून कॉइल बघत होत्या.

"आमच्याकडे ह्याने जाड तारच घालून ठेवलीय," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाआधी बदलून घ्यायला हवी."

वनमालाबाईंनी त्यांच्यापुढे पाट सरकवला. चहा तसाच अर्धाकच्चा राहिला होता आणि त्याची आठवण दोघींनाही झाली नाही.