पाण्यावर राहिलेला काप

कापवालीचा हात हलत नाही, अशी त्या प्रयोगशाळेत ख्याती होती. बावीस वर्षं ती मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्यांचे केसाहून बारीक काप काढायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचपट्टीवर उचलायची. एका रुग्णाचा कपटा दुसऱ्याच्या कापात जाऊ नये म्हणून मध्ये पाण्यावरून टिपकागद फिरवायचा, हा नियम तिनेच सगळ्यांकडून घोकून घेतला होता.

आज वहिनीच्या गालाच्या आतल्या बाजूचा तुकडा आला. दोन महिने न भरणारी जखम. वहिनी म्हणाली होती, "वन्सं, काप जाड काढू नका हं. गाल आधीच गुबगुबीत आहे."

दुपारी डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. "गालात हे काय गं?"

कापवालीने भिंगाला डोळा लावला. गालाला दिवसभर घास, दात, जीभ सगळ्यांची घासाघीस सोसायची असते. म्हणून तिथलं अस्तर चपट्या पेशींचं, थरावर थर. वरच्या झिजल्या की खालच्या पुढे सरकतात. तशा त्या होत्या. पण कडेला खांबासारख्या उंच पेशीही होत्या, ओळ मोडून एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. उंच पेशींचं घर आतड्यात. अन्नरस शोषायचा, बुळबुळीत स्राव सोडायचा, हे त्यांचं काम.

"आतड्याचा कर्करोग गालापर्यंत आलाय. म्हणजे फार पुढे गेलंय," बाई म्हणाल्या.

कापवालीने काचपट्टीवरचा नंबर पुन्हा पाहिला. मग आठवलं. वहिनीच्या आधी तिने दुसऱ्या रुग्णाच्या आतड्याचाच तुकडा कापला होता. मध्ये टिपकागद फिरवला होता का?

नव्हता. आता हे सांगायचं म्हणजे बावीस वर्षांच्या नावावर स्वतःच्या हाताने काट मारायची.

"बाई, पाणी मी टिपलं नाही. आधीच्या रुग्णाच्या आतड्याचा कपटा राहिला असणार."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू?"

"वहिनी आहे ती माझी. तुकड्यावर तिचा नंबर पाहिला आणि डोळे भरले."

"घरच्या माणसाचा तुकडा आपण कापू नये, हे भिंतीवर लिहिलंय कोणी?"

"मीच. अक्षर चांगलं आहे, पण वाचतं कोण?"

बाई हसल्या नाहीत. "नोंद करावी लागेल."

"करा."

पाणी बदललं. या वेळी कामावरच्या सोबतिणीने त्याच तुकड्यातून जास्त खोलवरचे काप घेतले, कापवाली हात मागे धरून उभी राहिली. उंच पेशी गेल्या होत्या. तिने श्वास सोडला.

बाईंनी मात्र भिंगावरून डोळा काढला नाही. "या अस्तराच्या तळाशी पातळ पडदा असतो ना? इथे तो फाटलाय. चारदोन चपट्या पेशी खाली उतरल्यात. मघाच्या कापात दिसत नव्हतं हे."

"म्हणजे कर्करोग आहेच."

"आहे, पण गालातलाच, आणि लहान. काढता येईल बहुतेक." बाईंनी भिंगावरून डोळा काढला. "तू चुकली नसतीस, तर मी साधी जखम लिहून मोकळी झाले असते."

यावर सुखावायचं की रडायचं, ते कापवालीला कळेना. तेवढ्यात फोन वाजला.

"काय वन्सं, निघाला का जाड?"

"पातळच निघाला," ती म्हणाली. "दोनदा काढावा लागला. तू घरीच थांब, मी येते."