तिसरी खोली

"रुंदी सहा फूट, लांबी नऊला एक इंच कमी," मिस्त्री म्हणाले.

सर्वेवाल्या मॅडमनी तरीही टेप लावली. आठ फूट अकरा इंच. त्यांनी मान वर करून पाहिलं, तर मिस्त्री गालातल्या गालात हसत होते. चाळीस वर्षं सुतारकाम केलं की मापं डोळ्यांतच बसतात.

"म्हणजे एकूण खोल्या तीन," मॅडम म्हणाल्या.

"दोन," सून चहा ठेवत म्हणाली. "ही मागची पडवी आहे हो. मामंजींनी हौसेनं चार फळ्या ठोकल्यात, एवढंच."

"चार फळ्या?" मिस्त्री म्हणाले. "जोडात पोस्टकार्ड घालून दाखव."

"मामंजी, तुम्ही जरा चहा घेता का?"

गावाबाहेर साठ घरं बांधून तयार होती; सर्वे त्यांच्यासाठीच होता. कुटुंबाच्या मिळकतीच्या चौथ्या हिश्श्याएवढं भाडं. अट एकच, सध्याच्या घरात खोलीमागे तीनपेक्षा जास्त माणसं हवीत. मिस्त्रींच्या घरात माणसं सात. खोल्या दोन धरल्या तर साडेतीन, तीन धरल्या तर अडीचही नाही. आणि राहतं घर उन्हाळ्यानंतर सोडायचं होतं. मालकाला ते सुट्टीला येणाऱ्या शहरातल्या लोकांना आठवड्याच्या बोलीवर द्यायचं होतं. गावातली निम्मी घरं अशीच गेली होती. अकरा महिने कुलूप, एक महिना वर्दळ. त्यातल्या बहुतेक घरांची दारं मिस्त्रींनीच केलेली. परवडेल अशी जागा आता दीड तासावरच्या शहरात होती, आणि मुलाला पहाटे चारला इथल्या दूध संकलन केंद्रावर हजर राहावं लागे.

"मॅडम, तुमच्यात खोली कशाला म्हणतात?" मिस्त्रींनी विचारलं.

"चार भिंती, वर छप्पर आणि बंद होणारं दार. तिन्ही हवं."

"मग ही खोलीच. मी स्वतः केलीय. नाही कशी म्हणू?"

सुनेनं कपाळाला हात लावला. मॅडमनी पेनाला टोपण घातलं.

"काका, मी डोळ्यांना दिसतं ते लिहिते. पुढच्या गल्लीत चार घरं राहिलीत. ती करून तासाभरात येते, मग खोल्यांचा रकाना भरू."

त्या गेल्या तशी सून म्हणाली, "ऐकलंत ना? तीन बिजागऱ्या. दहा मिनिटांचं काम."

"आणि ताईला कोण विचारणार?" सासूबाई म्हणाल्या.

घरात सगळेच तिला ताई म्हणत, आईसुद्धा. संसार मोडून ती परत आली तेव्हा वर्षभर स्वयंपाकघरात झोपली. सगळ्यांची जेवणं उरकल्याशिवाय तिला पाठ टेकता येत नसे आणि भावाच्या चहासाठी साडेतीनला अंथरूण गुंडाळावं लागे. तिनं तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली होती, "बाबा, आतून लावता येईल असं काहीतरी करा." मिस्त्रींनी महिनाभरात पडवी बंदिस्त केली. दाराला मात्र दोन महिने घेतले.

"मला ऐकू येतंय सगळं," आतून ताईचा आवाज आला. शिलाई मशीन थांबलं. गळ्यात टेप अडकवलेली ती दारात येऊन उभी राहिली. "बाबा, पेचकस द्या."

"राहू दे. नाही मिळालं घर तर नाही मिळालं."

"आणि मग हे दार घेऊन जायचं कुठं? लावायला भिंत लागते, बाबा."

मिस्त्री हलले नाहीत. तिनं स्वतःच हत्यारांची पेटी ओढली, पेचकस काढला, बिजागरीवरून बोट फिरवलं. "स्क्रू कुठायत?"

"बुजवलेत. भोकांत लाकडाच्या गुळ्या बसवल्यात, बुचासारख्या."

"का?"

"कुणाला सहज काढता येऊ नयेत म्हणून."

"आपल्याच घरात कोण काढणार होतं?" सून म्हणाली, आणि लगेच कप उचलून आत गेली.

शेवटी मिस्त्रीच खाली बसले. पटाशीनं एकेक गुळी सोडवली. फोडली असती तर लवकर झालं असतं, पण त्यांनी बाराच्या बारा अख्ख्या काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात टाकल्या. दार ताईनं एका बाजूनं धरलं होतं. दोघांनी ते माळ्यावर चढवलं. खाली आले तोवर सुनेनं आपली नवी, अजून घडीही न मोडलेली चादर चौकटीवर पडद्यासारखी लावली होती. "जुनी सापडेना," ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

मॅडम आल्या. त्यांनी टेप काढली नाही. रकान्यात दोन लिहिलं, मिस्त्रींची सही घेतली.

"यादी लागेपर्यंत तपासणीला कुणीही येऊ शकतं, काका. सात-आठ महिने. तोवर असंच राहू द्या."

"हं," मिस्त्री म्हणाले.

दिवस कलल्यावर त्यांना आठवलं, पटाशी ताईच्या खोलीतच राहिली होती. ते पडवीकडे गेले. वाऱ्यानं चादर एका बाजूला सरली होती आणि आत ताई शिवलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना सरळ दिसत होती. मिस्त्री चौकटीच्या अलीकडे थांबले. तोंड अंगणाकडे फिरवलं आणि बोटाच्या पेरानं चौकटीवर दोनदा वाजवलं.

ताईचे हात थांबले. तिलाही ते दिसत होतेच.

"कोण?" तिनं विचारलं.

"मी आहे," मिस्त्री म्हणाले. "आत येऊ का?"