म्बारका मावशीचा आवाज आणि माझं कुलूप

सोमवार, सकाळचे सव्वानऊ. गाबेसच्या आखाताकाठचं एक विद्यापीठ, ग्रंथालयाचा तळमजला. ओल्या चपलांनी एक बाई आत आली आणि म्हणाली, "माझा आवाज परत द्या."

ती माझ्यासाठीच आली होती. मी या विद्यापीठाच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह बोलतोय. मला उभं केलं ते इथल्या ग्रंथपाल सोंदेसबाईंनी. जगातल्या कोणीही यावं आणि वाचावं, म्हणून त्यांनी माझी बहुतेक दारं उघडी ठेवली. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं मात्र कुलपात ठेवलं. आज माझ्यात जी काही अब्रू आहे, ती त्यांच्यामुळे.

हैफा नावाच्या विद्यार्थिनीनं ओहोटीच्या चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहिला. सोबत त्यांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती होत्या. एका फितीत म्बारका मावशी दलाल रिधावर तुटून पडली होती. "वजनाच्या पारड्यावर अंगठा ठेवतो मेला! शिंपल्या टोपलीभर, आणि भारी ठरतो त्याचा अंगठा!"

फीत बाहेर जाणार नाही, असा हैफानं शब्द दिला होता. तो पाळायचं काम माझं होतं.

मग क्रमवारीचं खूळ आलं. बाहेरची कुठलीशी संस्था जगभरच्या संग्रहांना नंबर देते. किती फायली उघड्या पडल्यात, एवढंच मोजते. कोणाचं गुपित नीट राखलं, याला गुण नाहीत. उलट कुलपातली फाइल जणू नाहीच! विद्यापीठाचे उपसंचालक सी लझहर ('सी' म्हणजे इथलं 'श्रीयुत') हे वाचून ग्रंथालयात धडकले.

"बाई, प्रकरणं सुटी करा, फिती सुट्या करा. एका प्रबंधाच्या दहा फायली होतील!"

"आणि कुलपं?"

"कुलपातलं मोजत नाहीत हो ते! दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक मोजता का तुम्ही?"

"हे दुकान नाही, साहेब. लेखी द्या, मग बघू."

लेखी काही आलं नाही. उन्हाळ्यात इथली कचेरी दुपारीच बंद होते. सोंदेसबाई रजेवर असताना अशाच एका दुपारी कोणीतरी माझ्यात शिरलं. कचेरीत सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, तोच वापरला. माझे प्रबंध कापून तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा बिनकुलपाचा झाला.

क्रमवारीत आम्ही वर चढलो. दारावर फलक लागला. बकलाव्याची मिठाई वाटली गेली.

रिधाच्या भाच्यानं शिंपल्यांचे भाव शोधता शोधता ती फीत उघडली. संध्याकाळी बंदरावरच्या कॅफेत म्बारका मावशीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवसापासून रिधा तिची टोपली घेईना. त्याच्या धाकानं बाकीचे दलालही घेईनात.

म्हणून ती आली होती. सोंदेसबाईंनी एकही सबब सांगितली नाही. तिला बसवलं, पुदिन्याचा चहा दिला आणि तिच्यासमोरच माझं कुलूप परत घातलं. तेवढ्यात सी लझहर हसत आले.

"मावशी, तुम्ही तर जगप्रसिद्ध झालात!"

"मग साहेब, त्या जगाला म्हणावं, माझ्या शिंपल्या घे."

ते आल्या पावली परत गेले.

"फीत पुसून टाकू का, मावशी?" सोंदेसबाईंनी विचारलं.

मावशीनं चहा संपवला. "नको. खोटं काही बोलले नाही मी. राहू दे. पण पोरी, या खेपेला नीट लाव."

ज्या दारानं दगा दिला, त्याच दारामागे तिनं आपला आवाज पुन्हा ठेवला. एवढा मोठेपणा मला कोणत्याच क्रमवारीनं दिला नाही. मी तिचा ऋणी आहे.

म्बारका मावशी आता टोपली डोक्यावर घेऊन पलीकडच्या गावच्या बाजारात चालत जाते. सी लझहर म्हणतात, "मी कोणालाही हुकूम दिला नाही." संगणक विभाग म्हणतो, पासवर्ड सगळ्यांचाच होता. फलक अजून दारावर आहे. त्या दुपारी माझ्यात कोण शिरलं, हे आजपर्यंत कोणीही सांगितलेलं नाही.